मासे बंद केलेला तांडेल

बोईसरच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा सासूबाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या. पोटचा पोर गेला, तरी पहिला संशय माझ्यावरच! महिना उलटला, ती नजर अजून अंगावरून उतरत नाही.

हरेश, माझा नवरा, दांडी गावचा तांडेल. स्वतःची बोट चालवायचा. मासळीच्या बर्फात हात घालून आला की अंगभर पित्त उठायचं, डोळे लाल, ताप, सांधे धरलेले. सगळं खापर माझ्या कालवणावर. "हिच्या हाताला कायतरी हाय," सासूबाई शेजारणीला सांगायच्या, मला ऐकू येईल अशा बेताने. मी म्हणायचे, कारखान्यांचं पाणी. गाव म्हणायचं, नजर लागली. शेवटी त्याचे मासेच बंद केले! तांडेल आणि ताटात वरणभात... लोक हसायचे, तोही हसायचा. बर्फ मात्र रोज उपसायचा. त्यावर कुणाचा म्हणून संशय गेला नाही.

पुढे त्याचे कान गेले, पाय सुजले. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आजार रक्तातूनच येतो, गारठ्याने उसळतो आणि आतून मूत्रपिंडं निकामी करतो. औषध आहे, पण वेळेत मिळायला हवं. त्याची वेळ गेली होती. खरं सांगते, आधी मला आळातून सुटल्यासारखं वाटलं... आणि लगेच आमची लेक जुई आठवली. तिच्या दंडावर तसेच चट्टे होते.

तो गेल्यावर मी जुईची तपासणी ठरवली. सासूबाई दारात आडव्या. "आमच्या रक्ताला नावं ठेवतेस? पोरीला कोण करून घेईल?" मीही तोंड सोडलं. त्यांना ऐकू येत नाही, ओरडावंच लागतं. वयामुळे, असं आम्ही धरून चाललो होतो. ओरडता ओरडता मी थांबले. त्यांच्या कानाशी वाकून विचारलं,

"आई, तुमचे कान कधी गेले?"

त्या उंबऱ्यावरच बसल्या. मग म्हणाल्या, "पोरगी होते तवा. अंगावरबी उठायचं. आई बोलली, कोणाला सांगू नको. हरेशलाबी लहानपणी मी तेच सांगितलं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! माझ्यावर आळ येत होता आणि हा गप्प बसला. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचा, मला वाटायचं, ऐट आहे.

तपासणीला निघताना जुई त्यातलाच एक शर्ट घालून आली, बाह्या मनगटापर्यंत ओढून. मी काही बोलणार, तोच सासूबाई पुढे झाल्या. नातीची बाही त्यांनी कोपराच्या वर नीट दुमडली.

"बगू दे लोकांना," म्हणाल्या.