शेवटी येणाऱ्याची खुर्ची

आमच्या विभागाची बैठक मंगळवारी दहाला असायची आणि पावणेदहालाच खोली भरलेली असायची. मस्कतजवळ बौशरला आमचं खाजगी कॉलेज आहे, आणि तिथल्या दुसऱ्या कुठल्याही बैठकीचं असं भाग्य नव्हतं. याला कारण आमच्या विभागप्रमुख डॉ. रूथ यांचा एक नियम. टेबलाच्या टोकाला उंच पाठीची, चाकांची मोठी खुर्ची होती. ती खरं तर त्यांची, पण त्या तिच्यात कधी बसल्या नाहीत. खोलीत माणसांइतक्याच खुर्च्या मांडलेल्या असायच्या. ज्याला शेवटी ती एकच उरेल, त्यानं तिच्यात बसायचं आणि त्या दिवशीची बैठक चालवायची. कोणी बोलायचं, कोणाला थांबवायचं, हात वर करायला कधी सांगायचं, सगळं त्यानंच.

ही जबाबदारी नको म्हणून भलीभली माणसं घड्याळाच्या पुढे धावू लागली. प्रशासन अधिकारी कुरियन सर तर साडेनऊलाच आपली पाण्याची बाटली एका खुर्चीवर ठेवून जायचे. रूथबाईंनी एकदा ती बाटली उचलून सरळ मोठ्या खुर्चीत ठेवली. म्हणाल्या, "सर्वांत आधी आलेल्या सदस्याला आज मान देऊ. निदान ही कोणाला मध्येच तोडणार नाही." त्यांचं बोलणं सगळं इंग्रजीत. मी ते माझ्या मराठीत लिहिते आहे.

बाई टांझानियाच्या. उंच, काळ्या, केस अगदी बारीक कापलेले आणि अंगावर नेहमी भडक पिवळं नाहीतर केशरी कापड. विद्यार्थी त्यांना 'दुक्तूरा' म्हणत. इकडे अरबीत बाईनं डॉक्टरेट केलेली असली की तिला असंच म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांचा माल ज्यांनी पाठीवरून वाहिला त्या हमालांवर त्यांचं संशोधन होतं. मायदेशी घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना बांधण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. पण हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "केम छो?" लहानपणी त्यांच्या घराशेजारी गुजराती माणसाचं दुकान होतं म्हणे. मी घाबरत म्हटलं, "मॅडम, मी मराठी." त्या म्हणाल्या, "म्हणजे तोच समुद्र, थोडा खालचा किनारा. भजी येतात ना?"

त्यांच्या रंगाबद्दल लोक कुजबुजायचे, हे खोटं कशाला लिहू? पालक यायचे, त्यांच्याकडे बघायचे आणि मला विचारायचे, "विभागप्रमुख कुठे बसतात?" रूथबाई शांतपणे म्हणायच्या, "बसा, बोलावते." मग बाहेर जाऊन, पुन्हा आत येऊन त्यांच्यासमोर बसायच्या. पालकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. मला एकदा म्हणाल्या, "माझा रंग खोलीत माझ्या आधी पोचतो. म्हणून मी घाई करत नाही. त्याचं आटोपलं की मी जाते."

मी मूळची लांज्याची. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे ओमानला आले आणि या विभागात कार्यालयीन सहायक म्हणून लागले. चहा कोणाला बिनसाखरेचा आणि कोणती फाइल कुठे, हे मला पाठ होतं. बैठकीत मात्र मी वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं. रूथबाईंचा एक प्रश्न ठरलेला असायचा. बैठक संपता संपता त्या विचारायच्या, "आज कोण बोललं नाही?" तेव्हा मी टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला लागायचे.

त्या उन्हाळ्यात कॉलेजात एक गोष्ट धुमसत होती. भर उन्हाळ्यात दुपारचे काही तास उघड्यावरचं काम बंद ठेवायचं, असा इथला नियम आहे. आमच्या बागेतली माणसं त्या वेळी काम थांबवायची, पण थांबून जायचं कुठे? त्यांना आणणारी बस सकाळी रुसैलच्या वस्तीतून यायची ती संध्याकाळीच परतायची. ती माणसं पाण्याच्या टँकरच्या सावलीत पुठ्ठे टाकून पडायची. त्यांतले दाऊदचाचा राजापूरचे. माझ्याशी गावच्या बोलीत बोलायचे. एका दुपारी त्यांना घेरी येऊन ते पडले. वर आमची गारेगार स्टाफ रूम त्या वेळेत रिकामी असायची. रूथबाईंनी ती उघडा म्हणून दोनदा सांगून पाहिलं. कुरियन सरांच्या कार्यालयातून उत्तर आलं, ती माणसं ठेकेदाराची, आपली नव्हेत.

"तुम्हीच हुकूम काढा ना," मी म्हटलं.

"मी काढला तर ती माझी मेहेरबानी होईल. मी गेले की तीही जाईल," त्या म्हणाल्या. "हे सगळ्यांनी मागायला हवं."

पुढच्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी हजर होते. पण त्या दिवशी पाहुणे म्हणून दोन वयस्कर प्राध्यापक आले होते. मोठी माणसं उभी असताना आपण बसायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी भिंतीला टेकून उभी राहिले. हे बसले, ते बसले, कुरियन सर बाटलीसकट बसले. आणि मग माझ्या लक्षात आलं, एकच खुर्ची उरली होती.

"मॅडम, मी तर पहिली आले," मी पुटपुटले.

"पहिली आलीस, शेवटी बसलीस," रूथबाई म्हणाल्या. "फार चांगली रीत आहे. चालू कर."

खुर्चीत माझे पाय जमिनीला टेकेनात. इंग्रजीतलं एकच वाक्य आठवलं ते म्हटलं, "आज कोण बोललं नाही?"

"अजून कोणीच बोललेलं नाही," कुरियन सर म्हणाले. "आत्ता तर सुरुवात आहे."

सगळे हसले. मी खिडकीकडे मान वळवली, रडू येऊ नये म्हणून. खाली दाऊदचाचा नळी धरून उभे होते. मी उठले, खिडकी उघडली आणि हाक मारली, "चाचा, जरा वर या."

चाचा आले. रूथबाईंनी उठून आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः भिंतीशी उभ्या राहिल्या. कुरियन सरांनी विचारलं, "याला काय हवं आहे?" मी ते चाचांना मराठीत विचारलं.

"मना काय नको गो," चाचा म्हणाले. "टँकरची सावली बरी हाय. पण तो डायवर न सांगता गाडी काढतो. सावली घेवन जातो."

मी भाषांतर केलं, ड्रायव्हर सावली घेऊन जातो. कोणीतरी हसलं. मग कोणीच हसेना.

"स्टाफ रूममध्ये गालिचा आहे," कुरियन सर हळू आवाजात म्हणाले. "बुटांची माती लागेल."

"बूट भायेर काढू की," चाचा म्हणाले. "मशिदीत काय बूट घालून जातो?"

"आणि सोफे?"

"सोफा तुमाना ऱ्हाव दे. सोफ्यावर मना झोप नाय येत."

मी रूथबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या, जणू यातलं काहीच त्यांच्या कानावर पडत नव्हतं. तेव्हा मला कळलं की आता मलाच विचारावं लागणार. मी म्हटलं, "दुपारी स्टाफ रूम यांच्यासाठी उघडावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा." हात वर गेले. कुरियन सरांचा हात तेवढा खिशात होता. तो बाहेर आला तेव्हा त्यात स्टाफ रूमची चावी होती. ती त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "चप्पल बाहेर," एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी रूथबाईंचा करार संपला. निरोपाच्या दिवशी आम्ही कट केला. सगळे लवकर येऊन बसलो आणि मोठी खुर्ची तेवढी रिकामी ठेवली. बाई वेळेवर आल्या, खुर्ची पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "लांज्याची रीत," त्या मला म्हणाल्या. "मोठी माणसं अजून यायची आहेत."

कोणी हलेना. कुरियन सर "प्लीज, दुक्तूरा" म्हणून थकले. तेवढ्यात निरोप द्यायला बागेतून दाऊदचाचा हात पुसत आले आणि कोणाकडे न बघता मोठ्या खुर्चीत बसले. "हीच रिकामी दिसली," ते म्हणाले. मग माझ्याकडून ऐकलेला नियम आणि तो प्रश्न त्यांना आठवला. सावरून बसत त्यांनी मला सांगितलं, "इचार सगळ्यांना, आज कोण बोललं नाय?"

मी विचारलं. आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, केशरी पदराच्या टोकानं नाक पुसलं.

चाचा खुर्चीत मागे रेलले.

"बोला डाक्तरीणबाय, सावकाश बोला," ते म्हणाले. "टँकर गेला तरी आता चालतंय."