दोन गाण्यांच्या मधला सॅक्सोफोन

लग्नाच्या व्हिडिओतला मूळ आवाज कोणालाही नको असतो, हे मला धंद्यात पडल्यावर पहिल्याच मोसमात कळलं. कॅमेऱ्याचा माईक गाढव असतो. मंगलाष्टकांपेक्षा त्याला जनरेटर आवडतो. पंगतीत कोणी मठ्ठ्यासाठी ओरडलं की ते तो आधी टिपतो, आणि नवरीची आत्या कोणाची उणीदुणी काढत असली तर तेवढं मात्र अगदी स्वच्छ येतं. म्हणून रत्नागिरीतले आम्ही सगळे व्हिडिओवाले एकच करायचो. मिक्सिंगला बसलं की मूळ आवाजाचं बटण खाली ओढायचं आणि गाण्यांच्या कॅसेटचं वर ढकलायचं. तीन तासांच्या लग्नावर तीन तास सिनेमातली चालू गाणी. मंगलाष्टकं तेवढी ठेवायची, नाहीतर लग्न लागलंच नाही असं घरच्या म्हाताऱ्यांना वाटायचं.

हे सांगतोय ते १९९८ आणि त्यानंतरच्या दोन-चार वर्षांचं. बाजारपेठेत एका जिन्याखाली माझा स्टुडिओ होता. बदामाच्या आकारात नवरा-नवरी बसवणं, पाकळ्या उडवणं, गणपतीपुळ्याच्या समुद्रावर त्यांचे चेहरे तरंगवणं या कामांत माझा हात धरणारा कोणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं. पंचविशी नुकती उलटली होती आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. कॅमेरा खांद्यावर घेतला की मांडवात मी भटजींनाही दटावायचो, आणि ते ऐकायचेसुद्धा.

त्या वेळी आमच्याकडे एका बँडपार्टीत एक सॅक्सोफोनवाले काका होते. पन्नाशी ओलांडलेली, अंग सुकलेलं, बँडचा लाल कोट खांद्यावर सैल पडलेला. त्यांचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. बँड गाणं वाजवायचा तसं तेही वाजवायचे. पण नवरदेवाची गाडी अडकली किंवा नवरी तयार व्हायला वेळ लागला, आणि बाकीचे बँडवाले चहा प्यायला बसले की हे एकटेच सुरू. गाणं तेच, पण दोन ओळींनी ते गाण्यातून बाहेर पडायचे आणि भलतीकडेच भटकून यायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस वाट चुकला. लोक हसायचे. मंगलाष्टकांच्या वेळीही त्यांचा एखादा सूर बाहेरून आत शिरायचा, आणि तिथे मला आवाज खाली ओढता यायचा नाही. मिक्सिंगला बसल्यावर मी त्यांच्या नावाने बोटं मोडायचो.

दोन हजार सालच्या दिवाळीच्या सुमारास ते गेले. मला कोणी मुद्दाम सांगितलंही नाही. त्यानंतरच्या मोसमात मंगलाष्टकं स्वच्छ यायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं.

२००४ साली, एका शनिवारी दुपारी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी स्टुडिओत आली. मुंबईहून बदली होऊन इथल्या एका कचेरीत लागली होती. मला वाटलं लग्नाची ऑर्डर. मी अल्बम पुढे केला. तिने तो उघडलाच नाही.

"तुमच्याकडे माझे बाबा असतील," ती म्हणाली.

सॅक्सोफोनवाल्या काकांची ती मुलगी. काका मुंबईत एका मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हॉटेलांतले बँड बंद पडत गेले, काम सुटलं, आणि ते बायकोमुलीला मुंबईतच ठेवून एकटे गावी आले. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. पुढे ते मुंबईला गेलेच नाहीत. लाल कोट घालून वरातीत वाजवणारा नवरा बायकोला दाखवायची त्यांना लाज वाटली असेल, असं तिच्या आईचं म्हणणं. आईने रागाने त्यांची एक वस्तू घरात ठेवली नाही. हॉटेलात त्यांचं वाजवणं कधी कोणी ध्वनिमुद्रित केलं नव्हतं.

"ते छान वाजवायचे असं आई एकदाच म्हणाली, तेही ते गेल्यावर," ती म्हणाली. "कसे वाजवायचे ते मला कोणी सांगू नका. मला ऐकायचंय. इथली सगळी लग्नं तुम्हीच घेता ना?"

"ढीग असेल," मी छाती काढून सांगितलं. "पुढच्या शनिवारी या."

ती गेली आणि मी मागच्या कपाटापुढे उभा राहिलो. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटी आम्ही कधी ठेवत नव्हतो. एका लग्नाचं मिक्सिंग झालं की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न. आणि गिऱ्हाइकांना दिलेल्या कॅसेटींवर तर सिनेमाची गाणी. ढीग होताच. तो मी माझ्या हाताने पुसला होता.

तरी मी शोधायला लागलो. आधी बँडच्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी आतून काकांच्या वाद्याची पेटी आणून उघडून दाखवली. सॅक्सोफोन काळाहिरवा पडला होता आणि त्याच्या झाकणांखालच्या कातडी गाद्या झुरळांनी खाल्ल्या होत्या.

"ह्यो कदी नोटेशनात ऱ्हायचा नाय," मास्तर म्हणाले. "गान्यातना भायेर जायाचा. आमी वराडायचो त्याच्यावर. पन परत यायचा तो बरोबर जाग्यावर यायचा हां. आमी कोन तसा गेलो असतो तर परत आलो नसतो."

मुंबईच्या एका मित्राकडून मी जॅझच्या दोन सीडी मागवल्या. निदान काय शोधायचंय ते कळायला हवं होतं. पहिलीच सीडी लावली आणि दहा मिनिटांत अंगावर काटा आला. गाण्यातून बाहेर पडणं, एकट्याने भटकणं, आणि सगळे वाट बघत असतात त्या नेमक्या जागी परत येणं. हे मी पन्नास मांडवांत ऐकलं होतं. फुकट ऐकलं होतं, आणि त्या माणसावर दात खाल्ले होते.

मग मी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरोघर फिरलो. नाचणे गावात, पावसला, खाली मिरकरवाड्याच्या बाजूला. मिक्सिंगमध्ये चूक राहिली होती, दुरुस्त करून देतो, अशी थाप मारायचो आणि कॅसेट घेऊन यायचो. लोकांना कौतुक वाटायचं. सहा वर्षांनी चूक दुरुस्त करायला आलेला व्हिडिओवाला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

त्या कॅसेटी बघताना काय झालं ते नीट सांगता येणार नाही. काका दिसायचे. मांडवाच्या कडेला, फणसाखाली, कधी नवरदेवाच्या मागे अर्धा चेहरा. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, बोटं भराभर चालताहेत, आणि आवाज मात्र कुठल्यातरी नायिकेचा. मी टीव्हीचा आवाज बंद केला. बोटं चालतच होती. त्या जिन्याखालच्या खोलीत भर दुपारी मला भीती वाटली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मेलेला माणूस जीव तोडून काहीतरी सांगतोय आणि त्याचं तोंड मीच दाबून धरलंय, असं वाटायला लागलं की दुसरं काय म्हणायचं?

मग एक गोष्ट कानावर आली. एक गाणं संपलं की गाण्यांची कॅसेट बदलायला मला दोन-तीन सेकंद लागायची. तेवढ्यापुरतं, शांतता वाईट दिसू नये म्हणून, मी मूळ आवाजाचं बटण जरा वर करायचो. त्या फटीत लग्न ऐकू यायचं. भांडी, हसणं, आणि सगळ्या कॅसेटी मिळून पंधरा-वीस ठिकाणी सॅक्सोफोन. दोन सेकंद, तीन सेकंद. मध्येच सुरू झालेला, मध्येच कापलेला. महिनाभर खपून मी या फटी आणि मंगलाष्टकांत शिरलेले त्यांचे एकेक सूर एका कॅसेटवर गोळा केले. जेमतेम पाऊण मिनिट भरलं.

ती दर शनिवारी येत होती आणि मी दर शनिवारी "शोधतोय" म्हणत होतो. शेवटी ते पाऊण मिनिट तिला ऐकवलं. तिने मान खाली घालून ऐकलं.

"मधलं कुठे गेलं?" तिने विचारलं.

"तेव्हा मशीनच तशा होत्या," मी म्हणालो. धडधडीत खोटं. मशीन बिचारी सगळं टिपत होती.

आणखी दोन महिन्यांनी माझ्या घरच्या माळ्यावर एक कॅसेट सापडली. पावसच्या बाजूचं एका वाडीतलं लग्न, १९९८ च्या मे महिन्यातलं. लग्नानंतर आठ दिवसांतच नवरदेवाचे आजोबा गेले, घरात व्हिडिओचं नाव काढायची कोणाची इच्छा राहिली नाही, आणि ती मूळ कॅसेट मिक्सिंगविना पडून राहिली. आपल्या हवेत कॅसेटीला पांढरी बुरशी धरते, तशी ती धरली होती. मी कवच उघडून फीत हातभर हातभर ओढून मऊ कापडाने पुसली. दोन दिवस दुसरं काही केलं नाही.

नवरीला तयार व्हायला उशीर झालेला. अंगणात फणसाखाली बँड बसलेला. कॅमेरा मी तिपाईवर लावून ठेवलेला. काका उठून उभे राहिले आणि वाजवू लागले. आधी त्या वर्षीचं एक चालू गाणं, सरळ. मग ते बाहेर पडले. चार मिनिटं. मध्येमध्ये कोंबडा, कोणाची तरी हाक, हंड्याचा आवाज, आणि या सगळ्यांतून वाट काढत तो सॅक्सोफोन पुढे पुढे चाललेला. इतकं एकटं मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. मी रडलो. ते आता परत येणार, गाण्यावर येणार, असं वाटलं, आणि तेवढ्यात माझा आवाज आला.

"ओ काका, बास झाला आता! कॅसेटवर येतंय ते सगळं! बंद करा बघू!"

आणि सॅक्सोफोन थांबला.

मी काय केलं? जे मला येतं ते केलं. त्या चार मिनिटांची वेगळी प्रत काढली, आणि माझा आवाज यायच्या आधी सूर हळूहळू विझवला, आणि त्यामागोमाग चित्र हळूहळू काळं केलं. काम इतकं सफाईदार झालं की कोणाच्या बापाला कळलं नसतं. मूळ कॅसेट खणात टाकली.

शनिवारी ती आली. मी प्रत लावली. तीन वर्षांची असताना पाहिलेला बाप तिने तेव्हा पाहिला. ती टीव्हीच्या इतकी जवळ सरकली की तिच्या चेहऱ्यावर लाल कोटाचा रंग पडला. चार मिनिटं ती हलली नाही. चित्र काळं झालं.

"परत लावा ना शेवटचं," ती म्हणाली.

मी लावलं. मग तिने आणखी एकदा लावायला सांगितलं.

"शेवटी ते डोळे उघडून वर बघतात," ती म्हणाली. "कोणाकडे बघतायत?"

ते मी पाहिलंच नव्हतं. मी आवाज विझवण्यात गुंतलो होतो. माझं ओरडणं विझलं होतं, पण चित्र पुरतं काळं व्हायच्या आत त्यांनी ते ऐकून डोळे उघडून नेमकं कॅमेऱ्याकडे, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे, पाहिलं होतं. या माणसाला मी एकदा गप्प केलं होतं, आणि आता मेल्यावर दुसऱ्यांदा करत होतो. खण उघडून मी मूळ कॅसेट काढली. तिच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. मशीन, गाणी, पुसलेला ढीग, सगळं. मग कॅसेट लावली आणि उठून दारात जाऊन उभा राहिलो.

चार मिनिटं गेली. माझा आवाज आला. सॅक्सोफोन थांबला. मी पाठमोराच होतो. तिने काही बोलायची, निघून जायची, निदान टीव्ही बंद करायची मी वाट बघत होतो.

टीव्हीतून काकांचा आवाज आला.

"व्हय, व्हय. थांबलो हां."

पाठोपाठ थोडंसं हसणं. स्टुडिओत एकट्याने ऐकताना मी दर वेळी माझ्या ओरडण्यापाशीच कॅसेट थांबवली होती. त्याच्या पुढे काय आहे ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

ती ताडकन उठली. "हे बाबा बोलले?"

"हो."

"असा आवाज होता त्यांचा?"

"असाच होता," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातून रिमोट घेतला. ती आता सॅक्सोफोनपर्यंत मागे जात नव्हती. थोडीशी मागे घ्यायची, आणि लावायची. व्हय, व्हय, थांबलो हां. पुन्हा मागे, पुन्हा लावायची. दर वेळी ती हसत होती आणि डोळे पुसत होती. फीत जुनी होती, बुरशी खाल्लेली, एवढी मागेपुढे करायला नको होती. पण बास करा, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

कॅसेट मी तिलाच देऊन टाकली. मिक्सिंगचं काम मी अजून करतो, फक्त मूळ आवाजाचं बटण पूर्ण खाली ओढवत नाही. पंख्याचा आवाज येतोय म्हणून गिऱ्हाइकं कटकट करतात. मी ऐकून घेतो. त्या दुपारी मी दारात उभा होतो आणि ती वडिलांचे ते चार शब्द पुन्हा पुन्हा ऐकत होती, आणि दर वेळी त्यांच्या आधी तिला माझं ओरडणं ऐकावं लागत होतं.