पाच सडांची मेंढी

सांगलीच्या त्या दवाखान्यात मी लालासाहेब काकांच्या उशाशी बसून असायचो. काका आमचे कोरेगावचे, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि घरच्याच पायरीवर घसरून खुबा मोडून घेतलेले. बसून बसून माझं डोकं इतकं फिरलं होतं की कुणी खोकलं तरी मला राग यायचा.

शेजारच्या खाटेवर बिराप्पा होता. जतकडचा मेंढपाळ. त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, तोंडही जरा वाकडं झालं होतं. उजवा हात पोटावर ठेवलेला असायचा, पण तो त्या हाताकडं कधी बघायचाच नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज यायच्या आणि त्या हातात रबरी चेंडू देऊन दाबा म्हणायच्या. चेंडू खाली पडायचा आणि बिराप्पा भिंतीकडं तोंड फिरवायचा.

त्याची बायको सुलाबाई खाटेखाली वाकळ टाकून राहिली होती. हयात सगळी मेंढरांमागं गेलेली. पोरगाही वाड्यावरच झालेला, म्हणजे माळावरच्या मुक्कामात, आणि चौथ्या दिवशी ती त्याला पाठीशी बांधून पुढच्या गावाला चालत निघाली होती. असलं ती अगदी सहज सांगायची. आता मात्र तिचा धीर सुटला होता. बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की आत्ता हात चालवला नाही तर तो असाच आखडून राहील. आणि पोरगा पप्पू, जो कुपवाडला कारखान्यात होता, त्यानं सांगून टाकलं होतं की हात येत नसेल तर पुढच्या बाजाराला मेंढरं विकायची. पोरगा वाईट नव्हता. पाळी संपली की तसाच गाडीवरून डबा घेऊन यायचा. पण मेंढरं सांभाळणार कोण, असं तो दर वेळी विचारायचा.

"मेंढरं गेली की ह्यो माणूस जगत न्हाई," सुलाबाई मला म्हणाली. तिच्या डोळ्यांकडं बघवेना, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेलो.

त्या दुपारी काकांनी सगळ्यांना वात आणला होता. त्यांना गप्प करायला सिस्टरनं भिंतीवरच्या खोक्यातून दोन रबरी हातमोजे काढून दिले. काकांनी एक फुगवला, पेनानं त्याला मिशा काढल्या आणि हा आमचा लंगरचा, म्हणजे पलटणीच्या भटारखान्याचा, हवालदार म्हणून त्याच्याकडून सलाम घेतला. दुसऱ्याचा कोंबडा केला, पाच बोटांचा तुरा असलेला. सगळा वॉर्ड हसला. सुलाबाई तेवढी हसली नाही. ती त्या फुगलेल्या बोटांकडं टक लावून बघत होती.

मग तिनं सिस्टरकडून आणखी एक मोजा मागून घेतला. त्यात कोमट पाणी भरलं, तोंड दोऱ्यानं आवळलं आणि खाटेच्या कठड्याला तो खाली बोटं करून टांगला. बांगडीतली पिन काढून एकेका बोटाला टोचली. खाली पातेलं ठेवलं.

"आवं, पिळा की," ती म्हणाली.

बिराप्पानं मान वळवली. त्या लोंबणाऱ्या मोज्याकडं बघितलं.

"पाच सडांची मेंढी कुणी बघितलीया?"

इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं धड वाक्य. काका खो खो हसले. सुलाबाईनं घाईघाईनं तीन बोटं मुळाशी दोऱ्यानं बांधून टाकली. मेंढीला असतात तसे दोनच सड राहिले. तरी बिराप्पानं तोंड फिरवलं.

"कोकरू कुठं हाय? कोकरू लावल्याबिगार पान्हा सोडतीया व्हय?"

तिचा चेहराच पडला. पिळायच्या आधी कोकराला कासेला लावायचं, ही गोष्ट तिनं जन्मभर केलेली आणि आज नेमकी तीच राहिली. मग पदर खोचला, फरशीवर गुडघे टेकले आणि मोज्याला डोक्यानं ढुशी देत कोकरासारखी ओरडायला लागली.

सगळा वॉर्ड हसत सुटला. लोक दारात गोळा झाले. काकांना हसून हसून खुब्यात कळ आली. मीही हसत होतो, पण तिचा चेहरा माझ्या बाजूला वळला आणि माझं हसू गेलं. ती रडत होती. रडत ढुशा देत होती, ओरडत होती, आणि थांबायचं तिला कळत नव्हतं. पाणी तिच्या केसांवर, गालावर ठिबकत होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"पुरं," बिराप्पा म्हणाला. तिला ऐकूच गेलं नाही.

"पुरं गं. सोडला पान्हा तिनं."

त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं आणि तो हात उचलून मोज्यावर ठेवला. बोटं मिटेनात. डाव्या हातानं त्यानं ती एकेक करून मिटवली आणि वरून दाबलं. पातेल्यात बारीक धार पडली. उजव्या हातात जीव नव्हताच. तो लगेच घसरून खाली गेला.

बिराप्पानं तो पुन्हा उचलून कासेवर ठेवला.