पुन्हा चाकू लावण्याआधी

नळदुरुस्तीत उभी हयात गेली, म्हणून सगळे त्यांना नळवाले काकाच म्हणत. अडीच वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढला, केमो झाली आणि काका पुन्हा पाना घेऊन लोकांच्या सिंकखाली शिरू लागले. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला द्यायचं, ‘ठीक आहे’ ऐकून घरी यायचं. या खेपेला मात्र रक्तातला सीईए, म्हणजे कॅन्सरची चाहूल देणारा आकडा, वाढलेला निघाला आणि सीटी स्कॅनमध्ये जुन्या टाक्यांजवळ सावली दिसली.

काकांनी सर्जनबाईंना हात जोडले. “परत आलाय ना? मग उद्याच कापून टाका. टांगती तलवार नको.”

“एकदा उघडलेलं पोट आतून चिकटलेलं असतं, काका,” बाई म्हणाल्या. “कुठे जायचंय ते कळल्याशिवाय मी हात घालणार नाही.”

काका तणतणत घरी आले. “नुसता वेळ काढतायत!”

काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं, “ओल दिसली की तुम्ही तिथलीच भिंत फोडता का?”

काकांनी रिपोर्टची फाईल पुन्हा पिशवीत भरली.

रक्त पुन्हा तपासलं. आकडा आणखी चढला होता. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी रेचक पिऊन काका इतके धावले, की काकू म्हणाल्या, “आज पाणी गेलं तर नळवाल्याचीच पंचाईत!” आतड्याचा जोड स्वच्छ निघाला. सावलीतून सुईने तुकडा घेतला. मग पेट स्कॅन, एमआरआय. तीन आठवडे काका मुकाट्याने जात राहिले.

शेवटी बाईंनी दोघांना समोर बसवलं. “जुन्या जागी नुसता व्रण आहे. कॅन्सर यकृतात आहे. एकच गाठ, तीही कडेला. काढता येईल.”

“म्हणजे माझं ऐकलं असतं तर...”

“व्रण कापून परत आलो असतो.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

ऑपरेशन पार पडलं. काढलेल्या भागाच्या कडांवर कॅन्सरचा मागमूस नव्हता. पुढची तपासणी काही सुटणार नव्हती, पण घरी जायच्या दिवशी काका हटून बसले: “ती गाठ ज्यांना दिसली, त्यांना भेटायचंय.”

तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत एक चष्मेवाल्या डॉक्टर स्कॅन वाचत पडद्यासमोर बसल्या होत्या. पेशंट आलेला पाहून त्या गडबडल्याच. काका आभार मानायला आले होते, पण दारातच हात जोडून उभे राहिले. मग त्या डॉक्टरांनीच खुर्ची ओढली आणि काकांचं स्कॅन उघडून एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

काकांनी डोळे बारीक केले. “मला तर काहीच दिसत नाही.”

“म्हणून तर मी इथे बसते.”

काका हसले. टाके ओढले गेले, तरी हसतच राहिले.