उपाशीपोटी घेतलेली गोळी

दादा गेल्याचा निरोप घेऊन ढोकीहून पुतण्या आला, तेव्हा रडू येण्याआधी मला रागच आला. गोळ्या चालू असताना माणूस असा कसा जातो? "गोळ्या बंद केल्त्या त्यांनी," पुतण्या खाली बघत म्हणाला.

बहात्तरच्या दुष्काळात ईट गावाजवळच्या खडी केंद्रावर दादा, वहिनी आणि मी दगड फोडायला होतो. दादाला साखरेच्या आजाराची गोळी नुकतीच सुरू झाली होती. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, आणि दादा म्हणजे पथ्याचा पक्का. त्या सकाळी घरात भाकरी नव्हती, तरी त्यानं गोळी घेतली. कामावर सरकारी सुखडी वाटली, तर हात मागं घेतला. "गोड हाय, मला चालत न्हाय." ऊन चढलं तसा तो घामानं निथळला, असंबद्ध बडबडू लागला. मुकादम म्हणाला, "सकाळीच ढोसून आलास व्हय रं?" दादानं हातोडा घातला तो मुकादमाच्या खांद्यावर. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. तोंड फुटलं, दात पडला, तरी चौघांना आवरेना. मधे पडलेल्या वहिनींच्या मनगटावर दादाचाच हातोडा बसला... हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. "प्यालेले न्हाईत वं, उपाशी हायत!" असं ओरडत त्यांनी दुसऱ्या हातानं सुखडी त्याच्या तोंडात कोंबली. तो त्यांच्या बोटाला कडकडून चावला, पण सुखडी पोटात गेली. थोड्या वेळानं उठून बसला आणि वहिनींना विचारतो, "तुझ्या हाताला काय झालं गं?"

डॉक्टर नंतर म्हणाले, "पोटात अन्न आहे की नाही, हे गोळी बघत नाही. ती साखर उतरवतच राहते. फार उतरली की मेंदू उपाशी पडतो, माणूस पिसाळतो. आधी जेवण, मग गोळी. घाम फुटला की लगेच साखर."

पुढं दादा ढोकीच्या कारखान्यात लागला. वहिनी भाकरी खाऊ घालून स्वतः गोळी देत. तसा प्रकार पुन्हा घडला नाही, पण दादाला स्वतःच्या हाताची धास्ती बसली ती बसलीच.

यंदा वहिनी लेकीच्या बाळंतपणाला नळदुर्गला गेल्या. घरी सून आणि रांगतं नातवंड. सुनेनं गोळी पुढं केली, तर म्हणाला, "तुझी सासू येईस्तोवर नगं. माझा हात उठला तर... पोरगं लई बारीक हाय." साखर भडकली. पाणी पाणी करत बेशुद्ध पडला, तो उठलाच नाही.

परवा गेलो तर वहिनी सकाळची पहिली भाकरी अजूनही त्याच्या ताटात काढून ठेवत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, तुमच्या माघारी घरात कुणाला लागू नये म्हणूनच त्यानं..." त्यांनी ताट उचलून भिंतीवर आपटलं.

"मग मला बोलवायचं हुतं, भाऊजी! मारलं असतं तर मारलं असतं. दुसरा हात हुता की मला."