घुमटाखालचा कापूस

माझ्या यादीत एकशे बारा कामं होती आणि त्यांत आवाज कुठेच नव्हता.

मूर्तिजापूरजवळच्या एका गावात नवी मशीद उभी राहत होती आणि तिच्या बांधकामावर इंजिनिअर म्हणून मी होते. अमरावतीच्या राजापेठेतून सकाळची एसटी धरायची, डबा, वही आणि टेप घेऊन. काळ्या मातीचा मला धाक होता. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरच्या भिंतींना आपल्यासोबत नाचवते. म्हणून आम्ही खोल पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतले, तळाशी कांद्यासारखे फुगवलेले. शेजारच्या शेतातली काकू रोज बांधावर उभी राहून ते खड्डे बघायची. एक दिवस तिने विचारलं, "बाई, मशीद वर बांधून राह्यले का खाली?"

दोन वर्षांनी ती वरही आली. काँक्रीटचा मोठा घुमट, मधे एकही खांब नाही, दीड हजार माणसं बसतील एवढं दालन. सजावटीची जबाबदारी सदरसाहेबांनी, म्हणजे मशीद कमिटीच्या अध्यक्षांनी, स्वतःकडे घेतली होती. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे पसंतीचा निकष एकच: वस्तू चकाचक पाहिजे. अकोल्याहून त्यांनी निळ्या-पांढऱ्या ताऱ्यांच्या टाइल्स आणल्या. त्यात चेहरा दिसतो की नाही हे बघायला टोपी काढून केस विंचरले. भिंती, कमानी, घुमटाचा आतला निम्मा भाग, सगळीकडे टाइल्स. मंजुरीची सही माझीच होती. धूळ बसणार नाही, पुसायला सोपं, असा शेरासुद्धा मी मारला होता.

टाइल्स लागल्या, परांच्या उतरल्या आणि मौलानांनी मेहराबीत, म्हणजे इमाम उभा राहतो त्या कोनाड्यात, उभं राहून पहिल्यांदा सलाम केला. घुमटाने तो घेतला, फिरवला आणि थोड्या वेळाने परत दिला. मी घड्याळ लावलं. सहा सेकंद.

"मॅडम," सदरसाहेब म्हणाले, "हे तर उलटं मलेच सलाम करून राह्यलं."

हसू सगळ्यांना आलं, फक्त मौलानांना नाही. सव्वीस वर्षं ते शेजारच्या टिनाच्या जुन्या मशिदीत नमाज पढवत होते आणि सकाळी लेकरांना शिकवत होते. आवाज बारीक, थोडा खरखरीत. उद्घाटनाचा शुक्रवार तीन आठवड्यांवर होता. कमिटीने त्याच संध्याकाळी ठरवलं की पहिला खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, द्यायला अमरावतीहून एक तरणे, दणदणीत आवाजाचे इमाम बोलवायचे. गोंगाटाला मोठा आवाज, असा हिशेब. पुढेही तेच राहतील, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

मौलाना मला चपला शोधता शोधता म्हणाले, "बेटी, माहा आवाज टिनाखालचा हाये. एवढ्या घुमटाले पुरणार नाई." तक्रार अशी नव्हती. म्हणूनच मला जास्त लागलं, कारण घुमट माझा होता. वहीत लिहिलं: ११३. आवाज.

पुण्याच्या ध्वनितज्ज्ञाने फोनवर उपाय सांगितले. सगळे उत्तम आणि सगळे चार महिन्यांनी येणारे. उपाय सापडला तो जाजमांचं माप घ्यायला आलेल्या पिंजाऱ्याकडे. हे चाचा तालुक्यात गाद्या भरत. त्यांनी एक टाळी वाजवली, कान टवकारले आणि म्हणाले, "इथं कापूस नाई, म्हणून. माह्या दुकानात कापूस भरला का बायकोची हाक आयकू येत नाई. काहून बसतो मी दिवसभर तिथं?"

कापूस किती लागेल हे आधी करून पाहायला हवं होतं. आणि त्या वर्षी कापसाची मुळीच कमतरता नव्हती. भाव पडलेला, कुणी विकायला तयार नाही, घराघरांत खाटेखाली, माळ्यावर, देवघराशेजारी कापूस बसलेला. काकू म्हणाली, "आमच्या घरात माणसाले बसाले जागा नाई. न्या दोन दिवस. तेवढंच झाडून घेईन."

बैलगाड्या आल्या. हिंदू घरांतूनही आल्या, मुसलमान घरांतूनही. अदलाबदल नको म्हणून मी प्रत्येक गाठोड्याला नंबराची चिठ्ठी अडकवली आणि यादी केली. अर्ध्या चिठ्ठ्या वाऱ्याने उडाल्या. बायकांना पर्वा नव्हती. प्रत्येक गाठोडं कुणाच्या ना कुणाच्या जुन्या लुगड्यात किंवा ओढणीत बांधलेलं होतं आणि ते लांबून ओळखू येत होतं. यादीची गरज फक्त मला होती.

गाठोडी नमाजाच्या रांगांत बसवली, खांद्याला खांदा लावून. टाळी वाजवली: अडीच सेकंद.

मग सदरसाहेबांनी मोठ्या आवाजाची परीक्षा स्वतःच घेतली. त्यांनी उद्घाटनाचं निमंत्रणपत्र खणखणीत वाचलं. दाराशी काकू आपल्या गाठोड्यांवर नजर ठेवून उभी होती. "काय आयकलं?" त्यांनी विचारलं.

"टिनावर ज्वारी ओतल्यासारखं," ती म्हणाली.

मग मौलाना. त्यांनी तेच पत्र घेतलं. एक वाक्य वाचलं आणि थांबले. दुसरं वाचलं आणि थांबले. सदरसाहेब कुजबुजले, "विसरले काय?" विसरले नव्हते. सव्वीस वर्षं लेकरांना शिकवताना एक ओळ म्हणायची आणि लेकरं ती परत म्हणेपर्यंत थांबायचं, ही त्यांची सवय. इथे लेकरांच्या जागी घुमट होता. तो आपली ओळ म्हणून गप्प होईपर्यंत ते वाट पाहत, मग पुढे जात.

"शब्दनशब्द आला," काकू म्हणाली. "शुक्रवारी जेवण हाये, हेही समजलं."

सदरसाहेबांनी बराच वेळ टाइलमध्ये आपला चेहरा पाहिला. मग बाहेर जाऊन अमरावतीला फोन लावला आणि अतिशय अदबीने, अतिशय लांबलचक माफी मागितली.

गाठोडी परत गेली. त्यांच्या जागी चाचांनी तुरटी-बोरॅक्सच्या पाण्यातून काढून वाळवलेल्या कापसाच्या चपट्या गाद्या शिवल्या, म्हणजे आगीची धास्ती कमी. मागच्या भिंतीवरच्या टाइल्स उतरवून तिथे त्या लावल्या आणि पुढे लाकडी जाळी, त्याच ताऱ्यांच्या नक्षीची. या ताऱ्यांत चेहरा दिसत नाही, ही सदरसाहेबांची तक्रार अजून आहे.

शुक्रवारी मी आणि काकू बाहेर बायकांच्या ओसरीत बसलो. आत मौलानांनी सुरुवात केली, थांबले, घुमट बोलला, ते पुढे गेले. मी वही काढून एकशे तेरावर रेघ मारली आणि काकूला घाईघाईने मागच्या जाळीचं गणित समजावू लागले.

तिने हाताने मला थांबवलं. "बाई, आतल्या बाबाचं समजते," ती म्हणाली. "तुमीच जरा थांबत थांबत बोलत जा."