वरच्या खोलीतले लाइनवाले

पिरंगुटातल्या आमच्या घराच्या वरच्या खोल्या लाइनवाल्यांना भाड्यानं दिल्या, तेव्हापासून किस्से नुसते साचत चाललेत. संध्याकाळी जीप दारात थांबली की मी चहा टाकते. चहा संपतो, किस्सा संपत नाही.

एका खोलीत फोरमन खंडूनाना. दुसरीत सदू आणि त्याची बायको मंगल. काम असं, की डोंगरावरच्या मोठ्या टॉवरची लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की सबस्टेशनातलं मशीन सांगतं, फॉल्ट अमुक किलोमीटरवर. मग हे लोक लाइनीखालून, माना वर करून, टॉवर टॉवर चालत शोधायचे. सापडलं की सदू वर चढणार. मंगलला दिवस गेलेत, त्यामुळे तो ड्युटीवर असला की ती माझ्या पायरीवर येऊन बसते आणि रस्त्याकडे बघत राहते.

पौडच्या पुढं एकदा मशीन सारखी एकच जागा दाखवत होतं. हे जाऊन बघतात तर काहीच नाही. तिथं एक म्हातारी शेळ्या चारत होती. नानांनी नेहमीचं विचारलं, "आजी, हितं मोठा आवाज झाला का?"

म्हातारी म्हणाली, "आजून न्हाई. शेरडं हलवते, थांब."

ती कळप घेऊन ओढ्यापलीकडं गेली आणि त्याच टॉवरवर धाडकन आवाज झाला.

"तिला विचारायचं तरी, कसं कळलं म्हणून," मी म्हटलं.

"आमी शेरडांच्या पुढं पळत व्हतो, काकी," सदू म्हणाला.

कासार आंबोलीच्या एका बंगलेवाल्याची तक्रार आली. गच्चीवर काढून ठेवलेली जुनी ट्यूब अंधार पडला की आपोआप पेटते. ना वायर, ना बटण. बंगला लाइनीच्या अगदी जवळ, आणि एवढ्या मोठ्या लाइनीजवळ ट्यूब वायरीशिवायही उजळते, हे नानांना माहीत होतं. पण बंगलेवाला हटेना, "इथं काहीतरी आहे."

नाना म्हणाले, "साहेब, असतं तर तुमी त्यालाबी वीकेंडला भाड्यानं दिलं असतं."

वानरांचा किस्सा मात्र नाना हसत सांगत नाहीत. एक वानर तारेला चिकटून गेलं होतं. हे पोचले तर सगळी टोळी टॉवरखाली बसलेली. मेलेल्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे वर, तारेकडं. लाइन बंद होती, सदूनं वर जाऊन काम केलं, तरी एकही हललं नाही. लाइन परत चालू झाली, तारा गुणगुणायला लागल्या, तशी सगळी एकदम उठून निघून गेली.

"तार चालू झाल्याली आमच्यापरीस त्यास्नी लवकर कळली," सदू म्हणाला. मंगलनं त्याच्या हातातला कप काढून घेतला.

आणि आता ह्या पावसाळ्यातला, ताम्हिणीच्या अंगाचा. भर दुपारी हाताला हात दिसेना असं धुकं. लाइन बंद करून घेतली, सदू वर चढला, तार टांगायची फुटलेली चिनीमातीची चकती बदलली. ह्यांची रीत अशी, की काम झालं की नाना प्रत्येकाचं नाव पुकारणार आणि ज्यानं त्यानं "खाली" म्हणायचं. सगळ्यांचं ऐकलं की नाना सबस्टेशनला फोन करणार, माणसं खाली, लाइन चालू करा.

नानांनी नावं पुकारली. सगळ्यांनी ओ दिली. सदूनंही दिली, "खाली, नाना."

नानांनी फोन लावला, तर रेंज नाही. चढावर गेले, हात उंच केला, फोन लागला. तिकडून ऑपरेटर म्हणाला, "बोला नाना." नाना तोंड उघडणार तेवढ्यात धुकं जरा फाटलं.

सदू वरच होता. तारेला धरून.

त्या दिवशी माझ्या ओट्यावर कुणी चहाला हात लावला नाही. नाना परत परत तेच, "माझ्या कानानं ऐकलं, वहिनी." बाकीचे मान हलवत होते, त्यांनीही ऐकलं होतं.

शेवटी मंगलनंच नवऱ्याला विचारलं, "मग तुमच्या नावाला ओ दिली कुणी?"

सदू तिच्याशेजारी पायरीवर टेकला.

"मीबी ऐकली," तो म्हणाला. "आवाज माझाच व्हता. खालनं आला."